लवंगेचा गुण आणि लवंगेची हद्द



आज आम्ही एका लहान वस्तूबद्दल बोलणार आहोत. ती इतकी लहान आहे की चिमटीत मावते. ती वस्तू म्हणजे लवंग.

आपल्या घरात मसाल्याचा डबा असतो. त्यात हळद, तिखट, जिरे, मोहरी भरपूर असतात. लवंग मात्र थोडीच असते. एखाद्या पुडीत जपून ठेवलेली असते, कारण ती महाग. पण तिचा मान मोठा आहे. मसालेभात करायचा तर दोन-चार लवंगा हव्यातच. गोडा मसाला लवंगेशिवाय होत नाही. पाहुण्याला विडा द्यायचा तर तो लवंगेनं टाचतात. बारीक पण झणझणीत मिरची दिसली, की आपण तिला लवंगी मिरची म्हणतो. लहान पण जोरात वाजणारा फटाका, तोही लवंगी. लहान असून तेज असं काही दिसलं, की आपल्याला लवंग आठवते.

ही लवंग म्हणजे आहे तरी काय? कुणी म्हणेल बी, कुणी म्हणेल फळ. दोन्ही नाही. लवंग ही कळी आहे. फुलायच्या आधी तोडून वाळवलेली कळी. घरी गेल्यावर एक लवंग कोमट पाण्यात भिजत घाला आणि नीट बघा. वरचा गोल मणी म्हणजे मिटलेल्या पाकळ्या. त्याखालची चार टोकं म्हणजे कळीचं आवरण. खालचा दांडा म्हणजे कळीचा देठाकडचा भाग.

लवंगेचं झाड आपल्या जांभळाच्या कुळातलं. लावल्यापासून सात-आठ वर्षांनी ते कळ्या धरू लागतं. कळी आधी हिरवी असते, मग गुलाबी होऊ लागते. त्याच वेळी ती हातानं तोडावी लागते. फूल उमललं की लवंग गेली. तोडलेल्या कळ्या चार-पाच दिवस उन्हात वाळवतात. तीन किलो ओल्या कळ्या वाळल्या, की साधारण एक किलो लवंग हाती येते. मग ती महाग का, हे सांगायला नको.

लवंगेचं मूळ गाव फार लांब आहे. इंडोनेशिया देशात मलुकू नावाची बेटं आहेत, तिथली ती. पण आपली तिची ओळख जुनी. कालिदासानं रघुवंशात दूरच्या बेटांवरून येणाऱ्या लवंगेच्या फुलांचा उल्लेख केला आहे. पुढं आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटावर तिचे मळे झाले. तिथली लवंग गलबतांतून मुंबईला येई. १९३७ साली झांजिबारच्या इंग्रजी अमलात लवंगेच्या व्यापाराचे नवे कायदे झाले. त्यांत तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांवर अन्याय झाला. तेव्हा काँग्रेसनं आपल्याकडे झांजिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला. १९३८ साली तडजोड झाली आणि बहिष्कार उठला. आज केरळात, कर्नाटकात आणि तामिळनाडूत कन्याकुमारीकडे लवंग पिकते. पण आपली गरज त्यावर भागत नाही. पुष्कळ लवंग अजून बाहेरच्या देशांतूनच येते.

हे झालं मसाल्याच्या डब्यातल्या लवंगेबद्दल. आता औषधाच्या लवंगेकडे वळू. खरं बोलायचं ते इथंच आहे.

दाढ दुखू लागली की घरातलं मोठं माणूस काय सांगतं? "दाढेखाली लवंग धर." हा सल्ला खोटा नाही. लवंगेच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा तेलच असतो. त्या तेलात युजेनॉल नावाचं द्रव्य असतं. ते दाताची शीर बधिर करतं. जंतूंनाही थोडं आवरतं. दातांचे डॉक्टरसुद्धा काही वेळा दातात तात्पुरतं सिमेंट भरताना हेच द्रव्य वापरतात. त्यांच्या दवाखान्यात जो वास येतो, तो पुष्कळदा लवंगेचाच असतो. म्हणजे आपल्या आजीला जे ठाऊक होतं, ते डॉक्टरलाही मान्य आहे.

मग अडचण कुठं आहे? ती आमच्या वर्गात घडलेल्या गोष्टीवरून सांगतो.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येत असत. वय पन्नाशीचं. दिवसभर रोजानं खुरपणीला जायच्या आणि रात्री पाटी घेऊन पुढच्या रांगेत बसायच्या. एके दिवशी त्या गालाला पदर लावून आल्या. दाढ ठणकत होती. आम्ही म्हणालो, "मावशी, डॉक्टरला दाखवा."

मावशी म्हणाल्या, "दाखवायला गेले तर एक रोज बुडतो. लवंग धरलीया. थांबंल."

आठ-दहा दिवसांनी खरंच थांबलं. मावशी हसत आल्या. म्हणाल्या, "बघा, लवंगेनं काम केलं. डॉक्टर नको नि पैका नको." आम्हीही हसलो आणि म्हणालो, "बरं झालं."

बरं झालं नव्हतं. महिन्याभरानं मावशी वर्गाला दिसेनात. चौकशीला गेलो तर अंथरुणावर होत्या. एक गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. हनुवटीखाली सूज आणि अंगात ताप. तोंड उघडत नव्हतं. पाणी गिळवत नव्हतं. मुलानं गाडी केली, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथून जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं. डॉक्टरांनी पू काढला, सुया दिल्या, दाढ काढली. मावशी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, "आणखी एक दिवस घरी राहिल्या असत्या, तर सूज गळ्यात उतरली असती. श्वास कोंडला असता."

एक रोज बुडू नये म्हणून मावशी थांबल्या होत्या. त्यांचे वीस रोज बुडाले.

घरी आल्यावर मावशी म्हणाल्या, "लवंगेनं मला फसवलं."

आम्ही म्हणालो, "मावशी, लवंगेनं नाही फसवलं. तिनं तिचं काम केलं. तिचं काम दुखणं कमी करायचं. दात बरा करायचं काम तिचं नव्हेच. आणि चूक आमचीही आहे. दुखायचं थांबलं हे ऐकून आम्ही निर्धास्त झालो."

मंडळी, दात किडतो म्हणजे काय होतं, ते समजून घ्या. आपण कीड म्हणतो, पण दातात अळी नसते. बाजारात काही लोक दाताला धूर देतात आणि वाटीत किडे पडलेले दाखवतात. ती हातचलाखी आहे. दात किडवणारे जंतू डोळ्याला दिसत नाहीत. गूळ, साखर, बिस्किट असं काही दाताला चिकटून राहतं. जंतू ते खातात आणि आंबट रस सोडतात. त्या रसानं दाताचं वरचं टणक कवच झिजतं. मग भोक पडतं. भोक खोल जाऊन शिरेपर्यंत पोचलं, की ठणका लागतो.

आता पुढचं नीट ऐका. जंतू आत शिरले की काही दिवसांनी ती शीर मरते. शीर मेली की दुखणं थांबतं. माणसाला वाटतं लवंगेनं गुण आला. पण जंतू मेलेले नसतात. ते मुळाशी जाऊन पू करतात. घराला आग लागली आहे आणि हाका मारणारा माणूस मात्र गप्प झाला आहे, तसं ते असतं. हाक थांबली म्हणजे आग विझली असं नव्हे. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नव्हे. आजच्या बोलण्यातलं हे एक वाक्य घरी घेऊन जा.

मावशींच्या तोंडात डॉक्टरांना आणखी एक गोष्ट दिसली. गालाच्या आतून एक पांढरा चट्टा होता. डॉक्टरांनी विचारलं, "मशेरी लावता का?" मावशींनी मान खाली घातली. पहिल्या बाळंतपणानंतर दाढ दुखत होती, तेव्हा शेजारणीनं मशेरी दिली होती. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि दाताला घासायची. तेव्हापासून तीस वर्षं ती सुटली नव्हती.

आयाबायांनो, तुमच्यापैकी कितीजणी मशेरी लावतात, ते आम्ही विचारत नाही. तुमचं तुम्हाला ठाऊक आहे. पण मशेरी हे दाताचं औषध नाही. ती तंबाखूच आहे. तंबाखूनं हिरडीला सुन्नपणा येतो, तलफ लागते आणि हिरड्या सुटत जातात. पुढं तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. पोटुशी बाई मशेरी लावत असेल तर पोटातल्या बाळाचं वजन कमी भरतं. आणि तो पांढरा किंवा लाल चट्टा सुरुवातीला दुखत नाही. इथंही तेच. दुखत नाही म्हणजे रोग नाही, असं समजू नका. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, किंवा तोंड पूर्वीइतकं उघडेनासं झालं, तर डॉक्टरला दाखवा. तंबाखूच्या पुडीवर चित्र असतं. त्या चित्राखालची अक्षरं आता आपल्याला वाचता येतात. ती वाचा.

मावशींनी मशेरी सोडली. सोपं गेलं नाही. पहिले पंधरा दिवस डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. तलफ आली की त्या बडीशेप चघळत. चट्टा दाखवायला त्या ठरल्या तारखेला रुग्णालयात जातात.

मग लवंग वापरायची की नाही? जरूर वापरा. पण रीत ठेवा.

दाढ दुखू लागली तर आधी कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरा. एक लवंग दुखऱ्या दाढेजवळ धरा आणि हलके चावा. लवंगेचं तेल असेल तर कापसाच्या बोळ्यावर एकच थेंब घ्या आणि तो दाताला लावा. तेल हिरडीवर ओतू नका, हिरडी भाजते. तेल गिळू नका. लहान मुलाला तर ते देऊच नका. चहाचा चमचाभर-दोन चमचे तेल पोटात गेलं, तर मुलाला झटके येतात, मूल बेशुद्ध पडतं, त्याचं यकृत बिघडतं. असं घडलेलं आहे. बाटली वरच्या फळीवर ठेवा आणि तिच्यावरची चिठ्ठी वाचून मगच वापरा.

ही लवंग म्हणजे डॉक्टरकडे पोचेपर्यंतची सोबत. ती रात्र काढायला आहे, वर्ष काढायला नाही. दुखणं थांबलं तरी दात दाखवा. भोक लहान असतानाच भरलं, तर दात वाचतो आणि खर्चही थोडा येतो. जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो. जवळ कुठं सोय आहे, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारा. आणि गाल किंवा हनुवटीखाली सूज आली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळवेना, तर एक रात्रही थांबू नका. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा.

खोकल्याचंही असंच आहे. घसा खवखवत असेल तर तोंडात लवंग धरावी, बरं वाटतं. पण खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासून घ्यावी. तो क्षय असू शकतो. सरकारी केंद्रात ही तपासणी आणि क्षयाचं औषध फुकट मिळतं. लवंगेनं क्षय जात नाही.

लवंग विकत घेताना अख्खी घ्या, पूड घेऊ नका. काही वेळा तेल काढून घेतलेली लवंगही बाजारात येते. परीक्षा सोपी आहे. पेलाभर पाण्यात लवंगा टाका. चांगली लवंग जड असते, ती तळाशी बसते. तेल काढलेली हलकी होते, ती वर तरंगते. नखानं दाबून पाहिलं तर चांगल्या लवंगेला तेल सुटतं.

शेवटी मुलांचं सांगतो. त्यांना लवंगेची गरजच पडू नये असं करा. रात्री जेवण झाल्यावर दात घासूनच झोपायची सवय लावा. गोड खाल्लं की चूळ भरायला सांगा. तोंडात गोळी धरून झोपू देऊ नका.

त्या मावशी आता पुन्हा पुढच्या रांगेत बसतात. परवा त्यांनी पाटीवर स्वतःच्या मनानं एक ओळ लिहिली. अक्षर वेडंवाकडं, पण वाचता येत होतं. 'लवंग घे आणि दवाखान्याची वाट धर.'

मंडळी, आमच्या एवढ्या बोलण्याचं सार मावशींनी एका ओळीत सांगितलं. हे पान घरी न्या. ज्यांना अजून वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा. शेजारची एखादी बाई गालाला पदर लावून बसली असेल, तर तिला आधी दाखवा.