परतीची वाट आणि दोघांचे गाव



हीरक महोत्सवाच्या निमित्ताने एखाद्या शाळेचे विद्यार्थी दूरदूरच्या शहरांतून एकत्र येतात, तेव्हा गप्पांच्या ओघात एक प्रश्न हमखास निघतो : "परत यायचा विचार आहे का?" विचारणारा सहज विचारतो, उत्तर देणारे जोडपे मात्र क्षणभर एकमेकांकडे पाहते. त्या प्रश्नामागे पगार, घरभाडे, मुलांची शाळा, आईवडिलांचे वय असे पुष्कळ काही दडलेले असते. शिवाय एक गोष्ट सहसा उच्चारली जात नाही. परतायचे दोघांनी असते. पण नोकरी अनेकदा एकाचीच ठरलेली असते.

या प्रश्नाचा विचार नुसत्या तत्त्वाच्या पातळीवर केला तर तो हवेत राहतो. म्हणून आजच्या विवेचनासाठी सर्वांना ठाऊक असलेल्या एका मराठी दांपत्याचे उदाहरण घेतले आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि डॉ. मंगला नारळीकर यांनी 1972 साली केंब्रिज सोडून मुंबई गाठली. जयंतरावांच्या कीर्तीविषयी बरेच लिहिले गेले आहे. येथे पाहायचे आहे ते दोन माणसांनी मिळून घेतलेल्या एका निर्णयाकडे.

जयंतरावांचा जन्म 1938 सालचा, कोल्हापूरचा. पण बालपण गेले बनारसला. वडील विष्णू वासुदेव नारळीकर काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते आणि आई सुमतीबाई संस्कृतच्या व्यासंगी होत्या. घरात मराठी आणि शाळेत हिंदी अशा वातावरणात हा मुलगा वाढला. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांना हे चित्र परके वाटणार नाही. 1957 साली बी.एस्सी. होऊन ते केंब्रिजला गेले, 1959 साली सीनियर रँग्लर झाले आणि पुढे फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून 1963 साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. 1965 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते पद्मभूषण झाले.

मंगलाताई मूळच्या राजवाडे. त्यांचा जन्म 1943 सालचा, मुंबईचा. 1964 साली मुंबई विद्यापीठाच्या गणित विषयातील एम.ए. परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि त्यांना कुलपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांचे संशोधनकार्य सुरू झाले. पुढे विवाह झाला आणि त्या केंब्रिजला गेल्या. तेथे 1967 ते 1969 या काळात त्यांनी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवले. केंब्रिजमध्ये नारळीकरांच्या घरी एक गणिती होता असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. तेथे दोन गणिती होते.

1972 साली जयंतरावांना केंब्रिजमध्ये पंधरा वर्षे झाली होती. किंग्ज कॉलेजची फेलोशिप होती. 1966 साली स्थापन झालेल्या सैद्धांतिक खगोलशास्त्र संस्थेत ते आरंभापासून होते. त्याच वर्षी हॉइल यांनीही केंब्रिज सोडले. नारळीकरांच्या हाती मुंबईच्या टाटा संस्थेतील प्राध्यापकपद आले आणि त्यांनी ते स्वीकारले. पुढे अनेक वर्षे त्यांच्या परतण्याचा गौरव झाला आणि तो योग्यच होता.

या परतण्यात एक बारकावा आहे. मुंबई हे मंगलाताईंचे जन्मगाव, जयंतरावांचे नव्हे. त्यांच्या आठवणींतले गाव गंगेकाठचे होते. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी 'चार नगरांतले माझे विश्व' असे नाव दिले. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. या ग्रंथाला 2014 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. 'आपल्या गावी परत जाणे' हे शब्द जोडप्याच्या संदर्भात कसे निसरडे असतात, ते यातून कळते. एकाचे माहेर ते दुसऱ्याचे नवे शहर असते. एकाला गल्लीबोळ पाठ असतात, तर दुसऱ्याला पत्ता विचारावा लागतो. ज्याचे गाव नाही त्याला तेथे कामाचा आधार लागतो. आणि ज्याचे गाव आहे त्याला गाव आहेच, मग कामाची काय घाई, असे गृहीत धरले जाते.

नारळीकरांच्या बाबतीत हिशेब असाच मांडला गेला. जयंतरावांना कुलाब्याच्या संस्थेत पद मिळाले. सुवर्णपदक मिळवलेल्या आणि केंब्रिजला शिकवून आलेल्या मंगलाताईंना मात्र तसे पद आयते मिळाले नाही. मुलींचे संगोपन, घर, वडीलधाऱ्यांची देखभाल या सर्वांतून सवड काढत त्यांनी संशोधन पुन्हा हाती घेतले. विश्लेषक संख्याशास्त्र, म्हणजे अंकगणिताचे गूढ कलनशास्त्राच्या साधनांनी उकलणारी गणिताची शाखा, हा त्यांचा विषय. मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना मिळाली 1981 साली. एम.ए. ते पीएच.डी. हे अंतर सतरा वर्षांचे झाले आणि त्यातली नऊ वर्षे परतल्यानंतरची होती. 2008 साली भारतीय विज्ञान अकादमीने भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या आत्मकथनांचा 'लीलावतीज डॉटर्स' हा ग्रंथ काढला. त्यात त्यांनी आपली वाटचाल सांगितली आहे. उच्चशिक्षण घेऊनही घराला अग्रक्रम देणाऱ्या एका पिढीची ती कहाणी आहे.

ही कहाणी तक्रारीची नाही आणि तिला त्यागाचा मुलामा देण्याचेही कारण नाही. त्या काळी बहुतेक घरांत असेच घडत होते. आज परतण्याचा विचार करणाऱ्या जोडप्यापुढे मात्र ती एक थेट प्रश्न ठेवते : दुसऱ्याच्या कामाचे काय? 'तिथे गेल्यावर बघू' हे या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असते. त्या 'बघू'ची लांबी किती होऊ शकते, ते सुवर्णपदक मिळवलेल्या विदुषीच्या नऊ वर्षांवरून कळावे.

परतण्याने काय मिळाले, याचाही हिशेब मांडला पाहिजे. मराठी विज्ञान परिषदेने 1974 साली विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. तिच्यात 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी करून जयंतरावांनी ते नाव घेतले होते. आपल्या कीर्तीचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये, हा त्यामागचा हेतू. हिंदी माध्यमातून शिकलेल्या आणि पंधरा वर्षे परदेशात काढलेल्या माणसाने मुंबईत आल्यावर दोन वर्षांच्या आत मराठी कथा लिहिली, याचे मूळ बनारसच्या घरात बोलल्या गेलेल्या भाषेत आहे. मुलांची मराठी टिकेल का, अशी चिंता करणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. शाळा भाषेला शिस्त लावते. तिची मुळे मात्र घरातच रुजतात. 2021 साली नाशिकला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या बनारसच्या मुलाकडे आले.

1989 साली या दांपत्याने पुन्हा मुक्काम हलवला, तो पुण्याला. विद्यापीठांतील प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना उत्तम संशोधनसुविधा मिळाव्यात म्हणून 1988 साली 'आयुका' स्थापन झाली होती आणि जयंतराव तिचे संस्थापक-संचालक होते. या वेळी मंगलाताईंसाठीही काम होते; पुणे विद्यापीठात त्यांनी गणित शिकवले. सहीसाठी वही पुढे करणाऱ्या मुलांना जयंतराव सांगत : पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल.

मराठी माध्यमाच्या शाळेला सर्वांत जवळचा वाटावा असा प्रसंग मात्र मंगलाताईंचा आहे. बालभारतीच्या गणित विषय समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे संख्यावाचन आले आणि महाराष्ट्रभर वाद उसळला. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र 2 आधी येतो आणि 5 नंतर. मोठ्यांना सवयीमुळे ही विसंगती जाणवत नाही. सात वर्षांचे मूल तिच्यात अडखळते. शिवाय त्रेसष्ट, अडुसष्ट, त्र्याऐंशी यांतली जोडाक्षरे आहेतच. जुने शब्द काढलेले नाहीत, नवी रीत त्यांच्यासोबत दिली आहे, असे मंगलाताईंनी शांतपणे समजावून सांगितले. भाषेचे सौंदर्य हरवेल, ही टीकाकारांची भीतीही मराठीवरील प्रेमातूनच आली होती. बाजू कोणतीही पटो, सुवर्णपदक मिळवलेली गणिती पंचाहत्तरी उलटल्यावर दुसरीतल्या मुलाच्या अडचणीसाठी टीका सोसत उभी राहिली, हे विसरता येणार नाही. पदावरून मोजली जाणारी कारकीर्द आणि उपयोगावरून मोजले जाणारे काम यांतला फरक येथे दिसतो.

17 जुलै 2023 रोजी मंगलाताई गेल्या आणि 20 मे 2025 रोजी जयंतराव. दोघांचाही शेवट पुण्यात झाला.

परतणे हा काही सद्गुण नव्हे आणि परगावी राहणे हा दोष नव्हे. जेथे काम आहे तेथे राहून शाळेचे नाव उजळणारे विद्यार्थीही या सभागृहात आहेत. पण ज्यांच्या घरी हा विचार चालू आहे, त्यांनी सामान बांधण्याआधी काही गोष्टी समोरासमोर बसून बोलाव्यात. हे गाव नेमके कोणाचे? दुसऱ्याला तेथे ओळखीची माणसे, स्वतःचा वेळ आणि स्वतःचे काम कसे मिळेल? दोन्ही पदे एकदम मिळणार नसतील तर मधल्या काळाची मुदत कोणती, आणि ती संपल्यावर कोणी कोणासाठी जागा करून द्यायची? आईवडिलांची सेवा दोघांची असेल, तर त्यातले तास कसे वाटायचे? मुलांनी घरी कोणती भाषा बोलायची? आणि शेवटी, त्या गावाला आपल्याकडून काय हवे आहे?

पुष्कळ जोडपी पहिल्या पगारपत्रावर थांबतात आणि निर्णय झाला असे समजतात. वास्तविक ते पत्र अर्ध्याच निर्णयाचे असते. उरलेला अर्धा भाग दुसऱ्याच्या टेबलावर, दुसऱ्याच्या वहीत वाट पाहत असतो. ज्या घरात तोही त्याच गांभीर्याने वाचला जाईल, त्या घरातली दोन्ही माणसे खऱ्या अर्थाने आपल्या गावी परतलेली असतील.