नव्वद टक्के कशाचे?

(अमेरिकेतील मराठी मंडळाच्या पालक-मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन. श्रोत्यांचे प्रश्न जिथे आले तिथेच ठेवले आहेत.)

आमंत्रणासोबत मंडळानं तुमचे प्रश्नही पाठवले होते. त्यातले बरेचसे एकाच धाटणीचे: ‘अमुक कॉलेजातून अर्ज केलेल्या नव्वद टक्के मुलांचा मेडिकलला नंबर लागतो म्हणतात, मग तिथंच घालावं का?’ एमकॅट ही प्रवेशपरीक्षा कशाशी खातात, अर्ज कधी उघडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. मी या नव्वद टक्क्यांबद्दलच बोलणार आहे, कारण हा आकडा मला फार खटकतो.

अमेरिकेत एमडीसाठी दरवर्षी ५० हजारांहून जास्त मुलं अर्ज करतात आणि सुमारे २३ हजार आत जातात. म्हणजे शंभरातली पन्नाससुद्धा नाहीत. मग एखाद्या कॉलेजाची नव्वद कशी? एक उत्तर असं, की तिथं आलेली मुलं मुळातच हुशार होती. दुसरं उत्तर माहितीपत्रकात नसतं. बऱ्याच कॉलेजांत प्री-मेडची, म्हणजे मेडिकलच्या तयारीतल्या मुलांसाठीची, समिती असते आणि ती विद्यार्थ्याच्या वतीनं एकत्रित शिफारसपत्र लिहिते. काही ठिकाणी गुण कमी पडले की समिती सांगते, ‘यंदा पत्र देणार नाही.’ अशा पत्राशिवाय अर्ज केला तर मेडिकल स्कूल विचारतं, पत्र का नाही? मुलगा अर्ज पुढं ढकलतो किंवा नाद सोडतो, आणि हिशेबातून बाहेर पडतो. त्याच्याही आधी, पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्रीच्या हॉलमध्ये ‘मला डॉक्टर व्हायचंय’ म्हणणारी जी मुलं बसलेली असतात, त्यातली कितीतरी ऑरगॅनिक केमिस्ट्रीपर्यंतच गळतात. ती कधी ‘अर्जदार’ झालीच नाहीत, म्हणून नापासही झाली नाहीत. काही कॉलेजं तर एमडी, डीओ (ऑस्टिओपॅथीची पदवी) आणि कॅरिबियन बेटांवरची कॉलेजं असे सगळे प्रवेश एकाच टक्केवारीत घालतात. सगळी कॉलेजं असं करतात असं नाही. मागेल त्याला पत्र देणारीही आहेत, आणि त्यांची टक्केवारी साहजिकच कमी दिसते. प्रामाणिक कॉलेज कागदावर मागं पडतं, याचीच मला जास्त चीड आहे. आपल्याकडच्या कोचिंग क्लासची पानभर जाहिरात आठवा. निकालाच्या दुसऱ्या दिवशी टॉपरांचे फोटो, खाली पर्सेंटाइल. क्लासनं आधी चाचणी घेऊन वेचून ‘स्पेशल बॅच’ काढलेली असते, आणि एकूण किती मुलांनी फी भरली हे त्या पानावर कुठंच नसतं. पुण्यात, लातुरात ती जाहिरात पाहून आपण हसतो. तीच जाहिरात इथं गुळगुळीत कागदावर, लाल विटांच्या इमारतीच्या फोटोसकट आली की आपण डिपॉझिट भरून मोकळे होतो.

मग बघायचं काय? माझं म्हणणं एवढंच: आपलं मूल ज्या वर्गात वरच्या फळीत राहील, तो वर्ग निवडा. जेम्स डेव्हिस या समाजशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये कॉलेजांतल्या मुलांचा अभ्यास केला. कॉलेज किती नामांकित आहे यापेक्षा मुलाला तिथं ग्रेड काय मिळतात, याचा त्याच्या करिअरच्या निवडीशी जास्त घट्ट संबंध दिसला. मूल स्वतःला जगाशी ताडून बघत नाही, शेजारच्या बाकाशी बघतं. आणि मेडिकलच्या अर्जात तर याचा थेट हिशेब होतो. समजा पहिल्या वर्षी ३० क्रेडिट्सना सरासरी ३.० मिळाली, आणि पुढची दोन वर्षं, म्हणजे ६० क्रेडिट्स, मुलानं एकही ए सोडला नाही. तरी तिसऱ्या वर्षाअखेर, अर्जाच्या वेळी, जीपीए भरतो ३.६७. प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी ३.८ च्या आसपास आहे. विषय पुन्हा घेतला तरी एमडीच्या केंद्रीय अर्जात जुनी ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही मोजतात.

(प्रश्न: पण हार्वर्डमध्ये तर सगळ्यांनाच ए मिळतो ना?) सगळ्यांना नाही, पण खूप जणांना मिळतो हे खरं. तिथं हल्ली दिलेल्या ग्रेडपैकी निम्म्याहून जास्त ए असतात. पण तो आकडा सगळ्या विषयांचा मिळून आहे, आणि तुमच्या मुलाला फिजिक्स, केमिस्ट्रीची ग्रेड वेगळी दाखवावी लागते. काही खासगी मेडिकल स्कूलं कॉलेजचं नाव बघतात, हेही मी नाकारत नाही. प्रश्न असा, की नावानं किती दिलं आणि मुलानं घरून किती आणलं? डेल आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये नामांकित कॉलेजांत प्रवेश मिळूनही दुसरीकडे गेलेल्या मुलांची तिथं गेलेल्यांशी तुलना केली, तेव्हा पुढच्या कमाईत फारसा फरक दिसला नाही. गरीब घरच्या मुलांना मात्र नावाचा फायदा झाला. ही कमाईची गोष्ट आहे, मेडिकलची नाही, पण तर्क तोच. आणि उलट बाजूनं बघायचं तर न्यू ऑर्लिन्सचं झेव्हियर विद्यापीठ घ्या. छोटं, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेलं. देशातली सर्वाधिक कृष्णवर्णीय मुलं मेडिकलला पाठवणारं म्हणून ते वर्षानुवर्षं ओळखलं जातं. तिथं प्राध्यापक मुलं गाळण्याऐवजी चाचण्या, सराव-वर्ग आणि गटाभ्यास यांनी त्यांना पुढं रेटतात. गाळणं आणि घडवणं यातला हा फरक कुठल्याही रँकिंगमध्ये सापडायचा नाही.

(प्रश्न: पैशाचं काय?) तो मुद्दा आता अधिकच महत्त्वाचा झाला. २०२५ च्या कायद्यानं १ जुलै २०२६ पासून नव्या मेडिकल विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरवर थांबवलं. त्यावरचं ग्रॅड प्लस हे सरकारी कर्जही नव्यांसाठी बंद. खासगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा एकूण खर्च ३ लाख डॉलरच्या वर सहज जातो. वरची रक्कम कुठून येणार? म्हणून राज्याच्या विद्यापीठात, स्कॉलरशिपवर वाचलेला पैसा हा मेडिकलचाच पैसा समजा. ‘बचत’ म्हणून त्यातून टेस्ला घेऊ नका. (हशा.)

(प्रश्न: आम्ही एच-वन व्हिसावर, मुलगी एच-फोरवर. ग्रीन कार्डची रांग माहीतच आहे.) तुमच्यासाठी क्रम उलटा आहे. एच-फोर एकविसाव्या वर्षी संपतो, म्हणजे मुलगी अर्जाच्या तोंडावर एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असेल. पुष्कळ मेडिकल स्कूलं ग्रीन कार्डाशिवाय अर्जच घेत नाहीत, आणि सरकारी कर्जही मिळत नाही. तेव्हा आधी अशा मुलांना घेणाऱ्या मेडिकल स्कूलांची यादी करा, त्यांच्या अटी वाचा, आणि मग चार वर्षांच्या कॉलेजवर किती खर्चायचं ते ठरवा. डॅलस-ह्यूस्टनहून आलेल्या मंडळींसाठी आणखी एक. टेक्सासच्या सरकारी मेडिकल स्कूलांत राज्याबाहेरच्यांना जास्तीत जास्त दहा टक्के जागा असतात. मूल बाहेर शिकायला गेलं तरी आईवडील टेक्सासात असले तर रहिवासी हक्क सहसा टिकतो. पण मुलाच्या कॉलेजपायी अख्खं घर हलवायचा विचार असेल, तर तो हजारदा करा.