रिमोट त्याच्या हातात



'तुझ्या कामाबद्दल पाच मिनिटं बोल,' असं आयोजकांनी सांगितलंय. माझं काम तुम्हाला माहीतच आहे. पोलादपूर असो की महाड, लग्न, गणपती, वीरेश्वराचा छबिना, जिथे रोषणाई तिथे शिडीवर मी. गणितात पास होताना नाकी नऊ यायचे, पण वायर कुठून कुठे जाते ते बरोबर कळायचं.

पण आज बोलायचंय ते माझ्या नातवाबद्दल. मुलीचा मुलगा, आता सात वर्षांचा. तो स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिझम.

तो तीन वर्षांचा असताना गणपतीत मी घरी हौसेने पळत्या लाइटची माळ लावली. आजोबांचं कौतुक व्हायला हवं होतं. पोरगं मात्र किंचाळत पलंगाखाली जाऊन बसलं, डोळे गच्च मिटून. मला वाटलं, हट्ट. मी ओरडलो. आजही तो आवाज माझ्याच कानात वाजतो.

पुढे पुण्याला निदान झालं. डॉक्टरांनी सांगितलं, अशा बऱ्याच मुलांना उजेड, आवाज, स्पर्श आपल्यापेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवतो. तेव्हा मी वर पाहिलं. घरातली ट्यूब जुन्या चोकची. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. पण १९७६ साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला. त्यात स्वमग्न मुलांच्या त्याच त्या हालचाली साध्या बल्बपेक्षा ट्यूबच्या उजेडात जास्त दिसल्या. मुलं मोजकीच होती, तेव्हा त्यावर फार भार टाकू नये. मी ट्यूब तेवढी काढली.

मग रंग बदलणारा एलईडी बल्ब आणला. निळ्याने मुलं शांत होतात, असं सगळीकडे ऐकलं होतं. निळा लावला, तर हा रडायला लागला. हिरवा लावला, तरी तेच. मी वैतागून रिमोट खाली ठेवला. त्याने तो उचलला. एकेक बटण दाबत मंद नारिंगीवर थांबला. बंद केला, परत लावला, आणखी मंद केला. मग भिंतीला पाठ टेकून बसला. घरात किती तरी दिवसांनी शांतता होती.

त्या दिवशी मला माझाच धंदा नव्याने कळला. जादू रंगात नव्हती, बटणात होती.

मुलीने नंतर शोधून वाचून दाखवलं. नेदरलँड्समधल्या हार्टेनबर्ग संस्थेत १९७०च्या दशकात मंद दिवे, बुडबुड्यांच्या नळ्या, मऊ गाद्या अशा खोल्या तयार झाल्या. त्यांना स्नूझेलन म्हणतात. अलीकडे कार्डिफ विद्यापीठाने ४ ते १२ वर्षांच्या ४१ स्वमग्न मुलांना अशा खोलीत पाहिलं. दिव्यांची आणि आवाजाची बटणं मुलांच्या हाती असली, की त्यांचं लक्ष जास्त टिकायचं आणि त्याच त्या हालचाली कमी व्हायच्या.

दिव्याने स्वमग्नता जात नाही, हे स्पष्ट सांगतो. बोलण्याची थेरपी, रोजचा सराव, आईची धावपळ, सगळं चालूच आहे. दिवा फक्त त्याला श्वास घ्यायला जागा देतो.

आता एक कबुली. आपल्या वर्गात खिडकीपाशी बसणारा एक मुलगा आठवतो? घंटा झाली की कानांवर हात ठेवायचा. आपण मुद्दाम त्याच्या कानाशी डबा वाजवायचो. मीही वाजवला. नववीनंतर तो आला नाही. त्याला नेमकं काय होतं, कोणी विचारलं नाही. तेव्हा आपल्याकडे त्यासाठी शब्दही नव्हता. आज २०१६चा कायदा स्वमग्नतेला २१ दिव्यांगत्वांत धरतो, आणि अशा मुलाला इतर मुलांबरोबर शिकायचा हक्क देतो. पण कायदा ट्यूब बदलायला येत नाही.

म्हणून शाळेला माझी विनंती आहे. फडफडणाऱ्या ट्यूब काढू. एका खोलीचा कोपरा पडदा लावून शांत करू. तिथे मंद होणारा दिवा, एक सतरंजी आणि मुलाच्या हाताला येईल असं बटण. लुकलुकणारं काही नको. काही मुलांना फिट येण्याचाही त्रास असतो, झगमगाटाने तो वाढू शकतो. कोणता रंग, किती उजेड, ते आपण ठरवायचं नाही. मुलाला ठरवू द्यायचं आणि त्याच्या आईला विचारायचं.

सामान माझं, मजुरीही माझी. बाई, दिवाळीच्या सुट्टीत किल्ली तेवढी द्या.

त्या खिडकीपाशी बसणाऱ्या मित्राचा पत्ता कोणाकडे असेल, तर जेवायला बसण्याआधी मला भेटा.