दोष ना आईचा, ना आजोळचा
(हीरक महोत्सवी पालक-मेळाव्यातील भाषण)



एखादा मुलगा उशिरा बोलू लागतो. नजरेला नजर देत नाही, गोंगाट झाला की कानांवर हात ठेवतो. पाढे त्याच्या पचनी पडत नाहीत. पण दुसऱ्याची नक्कल तो हुबेहूब करतो. घरचे म्हणतात, आईने लाडावून ठेवला. शेजारी म्हणतात, पूर्वजन्मीचे भोग. अशा काही मुलांच्या बाबतीत विज्ञानाजवळ नेमके उत्तर आहे. मूळ एफएमआर-१ या जनुकात असते आणि त्यातून उद्भवणाऱ्या स्थितीला फ्रॅजाइल एक्स म्हणतात.

१९४३ साली मार्टिन आणि बेल या ब्रिटिश संशोधकांनी एकाच कुटुंबातील ११ पुरुषांत बौद्धिक अक्षमता आढळल्याची नोंद केली. १९६९ मध्ये हर्बर्ट लब्ज यांना अशाच एका कुटुंबात एक्स गुणसूत्राचे टोक तुटल्यासारखे दिसले. १९९१ मध्ये प्रत्यक्ष जनुक हाती लागले. त्यात सीजीजी ही तीन रासायनिक अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. ही आवर्तने सामान्यतः ४५ पेक्षा कमी असतात. ती ५५ ते २०० झाली की व्यक्ती वाहक ठरते; २०० च्या पुढे गेली की जनुकाचे काम बहुधा बंद पडते आणि मेंदूतील पेशींच्या जोडण्या योग्य घडण्यासाठी लागणारे प्रथिन तयार होत नाही. मुलग्यांजवळ एकच एक्स गुणसूत्र असल्याने त्यांना झळ अधिक पोहोचते. मुलींना दुसऱ्या एक्सचा काहीसा आधार मिळतो.

या वारशाची वाट समजून घेण्याजोगी आहे. वाहक असलेले आजोबा बुद्धीने तल्लख असू शकतात. त्यांचा वाहकपणा त्यांच्या प्रत्येक मुलीकडे जातो, मुलग्यांकडे जात नाही. पुढे मुलीकडून तिच्या अपत्याकडे जाताना आवर्तने वाढू शकतात आणि नातवात ती स्थिती प्रकट होते. ‘आईकडून आले’ एवढेच अर्धवट ऐकून सुनेला आणि तिच्या माहेराला बोल लावला जातो. परंतु हे जनुक तिने मागून घेतलेले नसते, तिच्या वडिलांनीही नसते. रक्ताच्या चाचणीने निदान होते ते दूषण देण्यासाठी नव्हे. मुलाच्या मावशीला वा बहिणीला योग्य वेळी समुपदेशन मिळावे म्हणून.

या स्थितीवरील संशोधन आपल्या बंगळुरूतही झाले आहे. येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात डॉ. सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतील भावनांशी निगडित भागाचा अभ्यास केला. तेथील पेशींच्या जोडण्यांतील काही बिघाड औषधी द्रव्याने सुधारू शकतो, असे त्यांना २०१० साली दिसले. माणसांवरील चाचण्यांत मात्र त्या प्रकारच्या औषधांना अपेक्षित यश लाभले नाही. मूळ दोष दूर करणारा उपचार अद्याप नाही.

म्हणूनच घर आणि शाळा यांचे काम मोठे. लवकर सुरू केलेले वाचोपचार, तोंडी सूचनेसोबत चित्र, दिवसाचा ठरलेला क्रम, वर्गातील एक शांत कोपरा यांनी असे मूल पुष्कळ शिकते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सर्वसमावेशक शिक्षण हा त्याचा हक्क मानला आहे. पालकांनी शंका मनात ठेवू नये. तपासणीला लाजू नये. आणि ‘मठ्ठ’ हा शब्द कोणाही मुलाच्या वाट्याला येऊ नये, एवढी काळजी घराने आणि शाळेने मिळून घ्यावी.