एका खोलींतील दोघे

मुळशी तालुक्यांतील मारुंजी हें विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शेतीवर जगणारें गांव होतें. शेजारच्या हिंजवडीस राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभें राहिलें आणि मारुंजीच्या बांधांवर इमारती चढूं लागल्या. लातूर, अकोला, जळगांव अशा ठिकाणांहून आलेला तरुण येथें नोकरीला लागला, कीं त्याला प्रथम खोली शोधावी लागते. आणि एकट्याला भाडें झेपत नसल्यामुळें खोलीबरोबर माणूसही शोधावा लागतो. या माणसाला तिकडे ‘रूम पार्टनर’ म्हणतात. त्याच्याविषयीं जी चौकशी होते ती मोठी बारकाईची असते. अनामत रकमेंत त्याचा वांटा किती, विजेचें बिल कसें वांटावयाचें, तो शाकाहारी आहे कीं मांसाहारी, भांडीं कोणीं घासावयाचीं, रात्रपाळी असली तर दिवा किती वेळ जळणार, हें सारें ठरतें. तो विडी-सिगारेट ओढतो कीं काय, हा प्रश्न मात्र बहुधा विचारावयाचा राहून जातो.

अशा दोघांची कल्पना करावी. पहिल्याच रात्रीं जेवण झाल्यावर एकजण खिशांतून पाकीट काढतो, खिडकीशीं जातो आणि सभ्यपणें विचारतो, “तुला चालेल ना रे?” दुसऱ्याला तें चालणारें नसतें. लहानपणीं त्याला दम्याची व्यथा होती आणि थंडींत अजूनही त्याची छाती घरघरते. पण ओळख कालची, अनामत भरून झालेली, आणि स्वभाव भिडस्त. तो म्हणतो, “चालेल कीं! त्यांत काय?” भीड ही भिकेची बहीण, असें आपल्याकडे म्हणतात, येथें ती दम्याची मावशी होऊन बसते.

आपण कशाला होकार दिला, हें त्या बिचाऱ्याला त्या वेळीं ठाऊक नसतें. सिगारेटीपासून दोन प्रकारचा धूर निघतो. एक ओढणाऱ्याच्या छातींत जाऊन उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो तो. दुसरा, दोन झुरक्यांच्या मधल्या वेळांत जळत्या टोकापासून आपोआप वर चढत असतो तो. झुरका घेतांना निखारा फुलतो आणि उष्णता वाढते. एरव्हीं तें टोक मंदपणें धुमसत असतें. नीट पेटलेलें लांकूड धूर थोडा करतें आणि कोंदलेलें लांकूड डोळ्यांत पाणी आणतें, हें जिनें चूल फुंकली आहे तिला सांगावयास नको. तोच न्याय येथें आहे. अर्धवट ज्वलनामुळें या दुसऱ्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया आणि कर्करोगास कारण होणारीं कित्येक द्रव्यें ओढणाऱ्याच्या तोंडांत जाणाऱ्या धुराहून अधिक असतात. आणि बंद खोलींत जो धूर सांठतो त्याचा मोठा भाग याच प्रकारचा असतो. शिवाय ओढणाऱ्याच्या ओठांशीं निदान एक गाळणी असते. सोबत्याच्या नाकाशीं तीही नसते. (त्या गाळणीनें ओढणाऱ्याचेंही रक्षण होत नाहीं, ही गोष्ट वेगळी.) तंबाखूच्या धुरांत ७,००० हून अधिक रासायनिक द्रव्यें आढळलीं असून त्यांपैकीं सुमारें ७० कर्करोग उत्पन्न करणारीं आहेत.

आतां खिडकीची गोष्ट. ओढणारा खिडकीशीं उभा राहतो, धूर बाहेर सोडतो आणि आपलें कर्तव्य केलें असें समजतो. वारा आंत येत असला तर तोच धूर त्याच वाटेनें परत येतो. छताचा पंखा लावला तर तो धुराला घालवीत नाहीं, चोहोंकडे सारखा पसरवितो. आणि वातानुकूल यंत्र बहुधा खोलींतलीच हवा पुनःपुन्हां थंड करून देतें. पावसाळ्यांत तिरप्या सरींमुळें आणि पुढें डांसांमुळें ती खिडकी बंदच राहते, हें तर निराळेंच. धुराचे बहुतेक कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात आणि तासन्‌तास हवेंत तरंगत राहतात. अमेरिकेच्या सर्जन जनरल या प्रमुख आरोग्याधिकाऱ्यानें २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत स्पष्टच म्हटलें आहे, कीं परक्याच्या धुराची निर्धोक अशी मात्रा नाहीं, आणि ओढणाऱ्यांना निराळें बसवून किंवा हवा खेळती ठेवून हा धोका नाहींसा करतां येत नाहीं. खोलीला लागून असलेला सज्जाही, दार उघडें असेल तर, खोलीचाच भाग समजावा.

वास गेला म्हणजे धूर गेला, असेंही नव्हे. निकोटीन भिंतींवर, गादीवर, पडद्यांवर बसतें आणि हळूहळू पुन्हां हवेंत उतरतें. २०१० सालीं कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या संशोधकांनीं असें दाखविलें, कीं गॅसच्या शेगडीसारख्या साधनांमुळें घरांत उत्पन्न होणाऱ्या नायट्रस आम्लाशीं या निकोटीनचा संयोग होऊन कर्करोगकारक द्रव्यें तयार होतात. जेथें एकाच खोलींत शेगडी, गादी आणि सिगारेट नांदतात, तेथें ही माहिती अगदींच दूरदेशची म्हणतां येत नाहीं.

दुसऱ्याच्या धुराची तक्रार मात्र जुनी आहे. विजापूरच्या दरबारांतून परतलेल्या असद बेगानें अकबरापुढें तंबाखू आणि हुक्का ठेवला तो सतराव्या शतकाच्या आरंभीं. त्याच सुमारास, १६०४ मध्यें, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि तींत तंबाखू ओढणाऱ्याच्या बायकोविषयीं कळवळा व्यक्त केला. राजाला दुर्गंधीची चीड होती. रोगाचा पुरावा त्याच्यापाशीं नव्हता. तो यावयाला पावणेचारशें वर्षें लागलीं, आणि तोही बायकांकडूनच आला. जपानमधील ताकेशी हिरायामा यांनीं स्वतः धूम्रपान न करणाऱ्या, ४० वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची १४ वर्षें नोंद ठेविली आणि १९८१ सालीं निष्कर्ष छापला. ज्यांचे पति दिवसाला वीस किंवा अधिक सिगारेटी ओढीत, त्यांच्यांत फुप्फुसाच्या कर्करोगानें मरण्याचें प्रमाण धूम्रपान न करणाऱ्यांच्या बायकांच्या सुमारें दुप्पट होतें. तंबाखूच्या व्यापाऱ्यांनीं या गणितावर पुष्कळ चिखलफेक केली. त्याच वर्षीं ग्रीसमधूनही तशीच साक्ष आली. पुढें इतर देशांतून येत गेली. आणि २००४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें परक्याचा धूर कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा दिला.

या आंकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. ओढणाऱ्याबरोबर राहणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनीं वाढतो, असें २००६ चा अहवाल सांगतो. न ओढणाऱ्याला हा धोका मुळांत थोडा. थोड्यांत पाव भाग मिळविला तरी तो थोडाच राहतो. यावरून कित्येक जण निश्चिंत होतात. पण हृदयविकाराचा धोकाही जवळजवळ तेवढ्याच टक्क्यांनीं वाढतो, आणि हृदयविकार हा घरोघरचा रोग आहे. तेथें पाव भाग म्हणजे फार मोठी भर. त्यासाठीं वर्षांनुवर्षें धुरांत बसावें लागतें, असेंही नाहीं. जपानमधील डॉक्टरांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरोगी, न ओढणाऱ्या तरुणांना अवघीं ३० मिनिटें धुरांत बसविलें. तेवढ्यानें त्यांच्या हृदयाच्या धमन्यांची, गरज पडतांच रक्तप्रवाह वाढविण्याची शक्ति ओढणाऱ्यांच्या पातळीवर उतरली. स्कॉटलंडनें मार्च २००६ मध्यें सार्वजनिक बंद जागांत धूम्रपान बंद केलें. पुढच्या वर्षीं पाहणीखालील रुग्णालयांत हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानें येणाऱ्यांची संख्या १७ टक्क्यांनीं घटली. जेथें तोंपर्यंत असा कायदा नव्हता त्या इंग्लंडांत ही घट ४ टक्क्यांचीच होती. ज्याला दम्याची खोड आहे त्याला तर या सर्व गणिताची गरज नाहीं. त्याला उत्तर त्याच रात्रीं मिळतें.

यावर हिंजवडीकडचा कोणीही तरुण एक आक्षेप हटकून घेईल. रस्त्यावर डंपरांची धूळ, वाहनांच्या लांबच लांब रांगांचा धूर, चोहोंकडे बांधकामें. त्यांत एका सिगारेटीचें काय घेऊन बसलांत? आक्षेप खोटा नाहीं, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. जो दिवसभर रस्त्याची धूळ गिळून येतो, त्याला निदान झोपेचे सात-आठ तास तरी स्वच्छ हवा मिळावयास हवी. रस्त्यावरचा धूर त्याच्या हातांत नाहीं, खोलींतला आहे.

तो हातांत आहे असें म्हणण्याचें कारण हें, कीं तेथें दुसऱ्या कोणाचा हात पोहोंचत नाहीं. गोव्यानें १९९७ सालींच धूम्रपानाविरुद्ध कायदा केला. मुंबईचे मुरली देवरा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २ नोव्हेंबर २००१ रोजीं रुग्णालयें, शाळा, ग्रंथालयें, न्यायालयें, कचेऱ्या आणि आगगाड्या यांत धूम्रपानास मनाई केली. २००३ सालीं संसदेनें कायदा केला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून अमलांत आलेल्या नियमांनीं खासगी कचेऱ्याही त्याच्या कक्षेंत आणल्या. म्हणून हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत काम करणारा तरुण दिवसा सिगारेटीसाठीं फाटकाबाहेरच्या टपरीवर जातो. आणि तोच रात्रीं मारुंजीस परतून गादीवर बसून ती पेटवितो. राहत्या खोलीच्या उंबऱ्यापाशीं कायदा थांबतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत आढळलें, कीं देशांतील ३८.७ टक्के प्रौढांना घरांत दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो. बंद जागेंत काम करणाऱ्यांपैकीं कामाच्या ठिकाणीं तो सोसणारे ३०.२ टक्के होते.

तेव्हां उरतो तो शब्द. आणि तो टाकणें हेंच सर्वांत अवघड आहे. समोरचा सिगारेट पेटवून बसला असतां त्याला बोलूं नये; तेव्हां त्याला तो अपमान वाटतो. सुटीच्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं सांगावें: “हे बघ, तूं ओढ किंवा ओढूं नकोस, तो तुझा प्रश्न. पण खोलींत नको. मला रात्रीं धाप लागते रे.” यावर तो एक प्रश्न विचारील, आणि तो विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे: “मग त्या दिवशीं चालेल म्हणून कां म्हणालास?” या प्रश्नाला उत्तर नाहीं. ‘चुकलें माझें,’ एवढेंच म्हणतां येतें; आणि बहुतेक वेळां तेवढें पुरतें. ओढणारा कांहीं वैरी नसतो. परदेशाच्या घड्याळाप्रमाणें रात्रपाळी करणाऱ्याला त्या सवयीनें कसें धरून ठेविलेलें असतें, हें तोच जाणे. मात्र ‘रात्रीं एकच’, ‘फक्त न्हाणीघरांत’, ‘पाहुणे आले तरच’ असल्या तडजोडी करूं नयेत. धूर त्या पाळीत नाहीं. तीन जिने उतरून खालीं जावें लागलें म्हणजे सिगारेटींची संख्याही आपोआप उतरते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. सोडण्याची इच्छा झालीच तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत दूरध्वनि त्याच कामासाठीं आहे.

अकरा महिन्यांचा करार नव्यानें करतांना त्यांत खोलींत धूम्रपान न करण्याची अट लिहून घेतां येते. घरमालकाला भिंतीच्या रंगाची काळजी असते, त्यामुळें तोही सहसा आडवा येत नाहीं. आणि इतकें करूनही सोबती ऐकत नसेल, तर दमेकऱ्यानें अनामतीचें नुकसान सोसूनही खोली बदलावी, असेंच म्हणावें लागतें. ज्या श्रोत्यांचीं मुलें अशा खोल्यांतून राहतात ते रोज दूरध्वनीवर ‘जेवलास कां’ म्हणून विचारतात. ‘तुझा सोबती खोलींत ओढतो कां’ हेंही एकदां विचारावें. मुलगा आढेवेढे घेऊं लागला, तर उत्तर मिळालें असें समजावें.

धूर थांबल्यावर शरीर लवकर सावरतें. निकोटीनपासून शरीरांत जें कोटिनीन तयार होतें तें साधारण १६ ते २० तासांत निम्म्यावर येतें. आठवडाभरांत त्याचा मागमूस राहत नाहीं. खोलीचें तसें नाहीं. भिंती पुसाव्या लागतात, पडदे काढून धुवावे लागतात, आणि गाद्यांना कित्येक दिवस ऊन द्यावें लागतें. गच्चीची किल्ली बहुधा रखवालदारापाशीं असते. दोघांपैकीं ज्याची त्याच्याशीं ओळख अधिक, त्यानें ती मागून आणावी. ती ओळख बहुधा खालीं जाऊन ओढणाऱ्याचीच झालेली असते.