डोरली बांधावर, सुंडक्काय ताटात



तंजावरात घर मराठी असो की तमिळ, उन्हाळ्यात गच्चीवर सुंडक्काय वाळत पडलेली दिसते. वाटाण्याएवढी ही हिरवी, कडू फळं ठेचायची, मिठाच्या ताकात मुरवायची आणि कडकडीत वाळवायची. तेलात तळून वत्तक्कुळंबूत, म्हणजे चिंचेच्या आमटीत, पडली की जेवणाला चव येते. हे झुडूप मूळचं अमेरिका खंडातलं. शेतकरी त्याच्या खुंटावर वांग्याचं कलमही बांधतात, कारण मर रोगाला आणि सूत्रकृमींना त्याची मुळं सहसा दाद देत नाहीत.

सुंडक्कायच्याच सोलॅनम प्रजातीतली डोरली मात्र जपून हाताळायची. काटेरी झुडूप, जांभळी फुलं, पिकल्यावर नारिंगी होणारी गोल फळं. मुलांचा हात तिकडे जाणारच. त्या फळांत सोलॅनीनच्या जातीची विषारी द्रव्यं असतात. पोटात गेली तर मळमळ, उलट्या, मुरडा, जुलाब, कधी गुंगी. नुसत्या उकळण्यानं ती नष्ट होत नाहीत. म्हणून ‘शिजवलं की चालतं’ हा हिशेब इथे लागू नाही.

आणि तरीही डोरली औषधात आहे! आयुर्वेदातली बृहती ती हीच. भुईरिंगणीच्या, म्हणजे कंटकारीच्या, जोडीनं ती दशमुळात बसते. पण तिथे घेतात ते मूळ, तेही वैद्यानं ठरवलेल्या मात्रेत.

हा विवेक तंजावरला नवा नाही. सरफोजीराजे दुसरे यांनी, म्हणजे 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेल्या राजांनी, धन्वंतरी महाल उभारला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक एका छपराखाली नांदत होतं. गुण आलेले उपचार नोंदवले गेले. पुढे ते तमिळ पद्यांतही बांधले गेले. कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, किती आणि कशी तयार केलेली, एवढं कळल्याशिवाय औषध कसलं?

तेव्हा सुंडक्काय बाजारातून किंवा ओळखीच्या झाडावरूनच घ्या. बांधावरचं अनोळखी फळ, पाखरं खातात म्हणून, तोंडात टाकू नका. मुलानं खाल्लंच, तर घरच्या घरी उलटी करवू नका. किती फळं खाल्ली आणि केव्हा, ते लक्षात ठेवा, फळांसकट एक डहाळी सोबत घ्या आणि लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा. त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.