पहारेकऱ्यावर पहारा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



१९ नोव्हेंबर २०१३ च्या सकाळी बंगळूर शहरातील एका एटीएम केंद्रात बँकेत नोकरी करणाऱ्या एका महिलेवर कोयत्याने वार झाले. हल्लेखोराने आत शिरून शटर खाली ओढले आणि ऐवज घेऊन तो चालता झाला. केंद्रावर रखवालदार नव्हता. कॅमेरा मात्र होता, आणि त्याने आपले काम चोख बजावले. घडलेले सारे त्याने टिपले. ते चित्रण देशभर दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आले. तरी आरोपी हाती लागण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

या घटनेनंतर केंद्राकेंद्रावर माणूस नेमा, असा आग्रह पोलिसांनी धरला. परंतु तीन पाळ्यांचे तीन रखवालदार म्हणजे दर केंद्रामागे तीन पगार, आणि बँकांना हा खर्च आधीपासूनच डोईजड वाटत होता. त्यातून दूरस्थ पहाऱ्याची पद्धत फोफावली. केंद्रात कॅमेरा, हालचाल ओळखणारे संवेदक आणि ध्वनिवर्धक बसवायचा. दूरच्या नियंत्रण कक्षात एका कर्मचाऱ्याने अनेक केंद्रांचे पडदे पाहायचे, संशय आल्यास ध्वनिवर्धकावरून दरडावायचे आणि पोलिसांना कळवायचे. ही व्यवस्था निरुपयोगी आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पुष्कळ चोर नुसत्या आवाजाने पळतात. तथापि जून २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना आदेश दिला तो असा की, एटीएम यंत्रे भिंतीला, खांबाला किंवा जमिनीला पक्की जखडून टाका; सूट फक्त विमानतळासारख्या, शासकीय सुरक्षादलाचा पहारा असलेल्या जागांना. संगणकयुगातील हा उपाय अखेर गवंड्याच्या हातचा निघाला, आणि तो नको असेल तर पुन्हा माणसाचाच पहारा हवा!

जिथे रखवालदार उरला आहे, तिथे यंत्राने दुसरेच रूप धारण केले आहे. पूर्वी मुकादम रात्री अवचित येऊन पाहून जाई. आता इमारतीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर खुणेच्या चकत्या लावलेल्या असतात. गस्त घालताना त्या प्रत्येकीला मोबाइल टेकवावा लागतो, आणि कोणत्या मिनिटाला तो कुठे होता याची नोंद एजन्सीच्या कार्यालयात उमटते. हजेरी चेहऱ्याच्या छायाचित्राने लागते. जागेची सीमा ओलांडली, की फोनच चुगली करतो. एक चकती चुकली तर सकाळी जाब विचारला जातो.

इथे एक साधा प्रश्न विचारण्यासारखा आहे. जे यंत्र रखवालदार चार मिनिटे उशिरा आला हे सांगू शकते, तेच यंत्र तो बारा तास उभा होता हेही जाणते. मग अनेक ठिकाणी त्याच्या पगारपत्रकात आठच तास कसे दिसतात? वरच्या चार तासांचा दुप्पट दर कुठे जातो? हिशेबाचा इतका बिनचूक पुरावा मालकाच्या स्वतःच्या दप्तरात याआधी कधीच नव्हता. पण ते दप्तर कामगाराला उघडता येत नाही. त्याने केलेल्या कसुराची नोंद त्याच्यापुढे मांडली जाते, त्याने केलेल्या श्रमाची नोंद मात्र गुप्त राहते.

महाराष्ट्राला या प्रश्नावर विचार करण्याची परंपरा आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला मंडळाचा आधार दिला आणि त्याच वाटेने १९८१ चा खाजगी सुरक्षा रक्षक कायदा आला. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे, मालकाने पगार व अधिभार भरायचा तो मंडळाकडे, भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान मंडळामार्फत. मधल्या ठेकेदाराच्या हातून नोंदवही काढून घेणे, हे या कायद्याचे मर्म होय. पुढे २००५ चा केंद्रीय कायदा आला, त्याचा मुख्य भर एजन्सीचा परवाना आणि रक्षकांचे प्रशिक्षण यांवर राहिला. आज ठेकेदाराने नोंदवही पुन्हा आपल्या हाती घेतली आहे. फरक इतकाच की ती आता कागदाची नाही.

याच रखवालदाराच्या हाती दुसरीही एक नोंद सोपविलेली आहे. मोठ्या गृहसंकुलांच्या फाटकावर घरकाम करणाऱ्या बाया, वाहनचालक आणि सामान पोचविणारी पोरे यांची ये-जा तो ॲपवर टिपतो. सदनिकाधारकाच्या सोयीचा हा भाग खरा. पण एका गरिबाने दुसऱ्या गरिबाची झडती घ्यायची, आणि दोघांचीही माहिती तिसऱ्याच्या भांडारात साठायची, ही श्रमविभागणी लक्षात घेण्याजोगी आहे.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्राची चूक कोणाच्या वाट्याला येते, हेही आता उघड झाले आहे. जॉय बुओलामविनी आणि टिम्निट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या बाजारातील प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के आणि काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत आढळले. जानेवारी २०२० मध्ये डेट्रॉईटच्या पोलिसांनी यंत्राच्या सांगण्यावरून एका निरपराध कृष्णवर्णीय गृहस्थाला अटक केली. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने राइट एड या औषध दुकानांच्या साखळीला हे तंत्र पाच वर्षे वापरण्यास मनाई केली. दुकानात आलेल्या ग्राहकांवर चोर म्हणून खोटा आळ येत होता. आपल्याकडे दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकाराखालील उत्तरात सांगितले, की ८० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास ते जुळले असे धरले जाते. उरलेल्या वीस टक्क्यांत कोण सापडेल, याचा अंदाज करण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र एक कलम असे आहे, की नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी नोकराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरता यावी. शासनाच्या यंत्रणांना सूट देण्याची वाटही त्यात ठेवलेली आहे. तेव्हा रखवालदारांत संघटनेचे काम करणाऱ्या साथींनी पुढच्या वेतनकरारात एवढे एक कलम आग्रहाने घालून घ्यावे: हजेरीच्या आणि गस्तीच्या यंत्रात महिनाभर जे जे नोंदले गेले, त्याची छापील प्रत पगारपत्रकाला जोडून प्रत्येक रक्षकाच्या हाती पडावी, आणि तिची दुसरी प्रत मंडळाकडे जावी.